मुलांस देश कोठून दाखवावा?

दिवाळी आटोपली म्हणजे खेड्यापाड्यांतील शाळांच्या सहली निघू लागतात, व त्यांतील पुष्कळ मुंबईकडे वळतात. गाडी पहाटे पोहोचते. गेटवे ऑफ इंडियापुढे मुलांना ओळीने उभे करून फोटो होतो, राणीचा बाग होतो, गिरगाव चौपाटीवर भेळ होते, आणि मुले रात्री पेंगत घरी येतात. दुसरे दिवशी 'काय पाहिलेस?' असे विचारले तर 'मोठमोठ्या इमारती' एवढेच उत्तर मिळते. बापाच्या कनवटीचे पैसे मात्र गेलेले असतात.

वर्गातही ह्याहून निराळी गत नाही. मोर, वाघ, कमळ, वड, सिंहांची मुद्रा ही राष्ट्रचिन्हांची यादी मुले पोपटासारखी म्हणून दाखवितात. भिंतीवरच्या नकाशात दिल्ली व कलकत्ता बोटाने दाखवितात. परंतु 'तुझे गाव ह्या देशात आहे काय?' असे विचारले की ती नकाशाजवळ जातात, बारीक अक्षरे धुंडाळतात, नाव सापडत नाही आणि गप्प उभी राहतात. हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विचारीत आलो आहो. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्या पोरास देशाच्या चित्रात आपला बाप, आपला गोठा, आपला हातमाग कोठेच दिसत नाही, ते देश म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी वतन समजू लागते, आणि मोठेपणी कचेरीच्या दाराबाहेर जोडे काढून उभे राहते.

जोतीराव फुल्यांना हे कळत होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध व हिशेब ह्यांबरोबर सामान्य भूगोल व शेतीचे ज्ञान असावे, अशी मागणी आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून निवडावे, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्यांस लाज वाटणार नाही असे ते असावे, असेही त्यांनी सांगितले. भूगोल आणि नांगर त्यांनी एका कागदावर आणले. आम्ही मास्तर लोकांनी ते पुन्हा वेगळे केले.

सबब आमची सूचना अशी की, मुंबई उलट्या टोकाने दाखवावी. गेटवे शेवटी ठेवावा आणि आरंभ लालबाग-परळपासून करावा.

तेथे गिरणीची एखादी उरलेली चिमणी दाखवून मुलास विचारावे की, हिच्याखाली जो कापूस पिंजला जाई तो कोठून येई? मुलाचा बाप वऱ्हाडचा किंवा खानदेशचा असेल तर उत्तर घरातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थरावर थर पसरून हे दख्खनचे पठार झाले. त्या काळ्या खडकाची झीज होऊन आपली काळी जमीन झाली, आणि काळ्या जमिनीत कापूस आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. तिच्या खटपटीत गिरगावचे नाना शंकरशेट होते. पुढच्याच साली कावसजी दावर ह्यांनी मुंबईतली पहिली कापसाची गिरणी काढली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली. तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, तेव्हा आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच भाव कोसळला व मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. ज्या मुलास ही साखळी एकदा कळली, त्यास नद्या, पर्वत, पिके व बंदरे निराळी पाठ करावी लागत नाहीत. शिवडीजवळ कापसाच्या वखारी झाल्या, त्या जागेस कॉटन ग्रीन नाव पडले, तेही दाखवावे.

मग हा कापूस विणणारे कोण, हे सांगावे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इकडची आपली माणसे पोटासाठी येथे आली. चाळीच्या एका खोलीत पाळीपाळीने निजून त्यांनी गावी मनिऑर्डरी धाडल्या. सहल रविवारी निघाली असेल तर मास्तरांनी जरूर विचारावे की, ही रविवारची सुट्टी आली कोठून? नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 'दीनबंधू' चालवीत असता १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरविल्या, अर्ज केले, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी सुटला हे कोणी सांगू शकत नाही, कारण त्यानंतर एकामागून एक गिरण्याच मिटल्या. त्यांच्या जमिनीवर आता काचेचे मनोरे व बाजार उभे आहेत. मुलांना तेही पाहू द्यावे. मात्र त्या जागी आपल्या कोणाचा घाम पडला आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे नेऊ नये.

परळास असताना आणखी एक सांगावे. येथल्याच चाळीतील लहानशा खोल्यांत डॉ. आंबेडकर बरीच वर्षे राहिले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो राज्यघटनेचा मसुदा केला, त्याचे पहिलेच कलम भूगोलाचे आहे : इंडिया म्हणजेच भारत हा राज्यांचा संघ असेल. इयत्ता चौथीच्या मुलास हे वाक्य सहज समजते. दादरला चैत्यभूमी जवळच आहे, तेथे हे कलम मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे.

गिरगावात तर नुसत्या पाट्या वाचीत चालले तरी धडा होतो. खेतवाडी, फणसवाडी ही नावे शेताभातांची व बागांची. त्यापलीकडे कुंभारवाडा, तांबाकाटा, लोहार चाळ. तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांची कामाठीपुरा. शहर मोठमोठ्या साहेबांनी वसविले असे पुस्तकात असते. पाट्या निराळे सांगतात. हे शहर पूर्वी सात बेटांचे होते, मधल्या खाड्या भरून एक झाले. भराव टाकणाऱ्यांच्या टोपल्या मोजावयास कोणी बसले नव्हते.

आता राष्ट्रचिन्हांविषयी. तिरंगा २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने मान्य केला. रंगांचा अर्थ सगळे शिकवितात, कापडाचा कोणी शिकवीत नाही. ते सूत कातणारे व ते कापड विणणारे हात आमच्या नांदेडला आहेत, कर्नाटकात हुबळीस आहेत. २०२१ च्या अखेरीस ध्वजसंहिता बदलली. यंत्रावरचे व पॉलिस्टरचे झेंडेही चालतील असे ठरले, आणि हातमागाच्या झेंड्याचे गिऱ्हाईक कमी झाले. घरोघर झेंडा पोहोचावा ह्याविषयी आमचा वाद नाही. परंतु विणकराच्या पोरास आपल्या आईने कातलेले सूत दिल्लीच्या काठीवर चढते हे माहीत असणे, आणि नसणे, ह्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

सिंहांची मुद्रा २६ जानेवारी १९५० पासून देशाची झाली. ती सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शिरोभागावरून घेतली आहे. मुलांना सिंह दिसतात, कारण ते वर आहेत. खाली पट्टीवर पाहावे : मध्ये चक्र, त्याच्या एका बाजूस घोडा व दुसऱ्या बाजूस बैल. होय, बैल! ज्याच्या मानेवर आपल्या घराचे जू आहे, त्याला सरकारी मुद्रेवर जागा आहे, आणि ही गोष्ट आमच्या वर्गात चाळिसांत दोघांनाही ठाऊक नसते. तिरंग्यावरचे चोवीस आऱ्यांचे चक्रही ह्याच स्तंभावरचे.

सारनाथ लांब आहे, तेथे कोणाची सहल जाणार? जाण्याचे कारणही नाही. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे आहेत, आणि ते परप्रांतातून आणलेले नाहीत, कोकणच्या तोंडाशी असलेल्या सोपाऱ्याचे आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सोपारा बंदर होते व तेथल्या साध्या माणसांसाठी राजाने त्यांना समजेल अशा प्राकृत बोलीत खडकावर लिहविले. ह्या दगडापुढे मुलांस पाच मिनिटे तरी उभे करावे. भेळ नंतर.

तेथून चालत हुतात्मा चौक गाठावा. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाल्लेल्यांची नावे तेथे आहेत. त्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी हे राज्य झाले. स्मारकावर मशाल धरलेल्या दोन मूर्ती आहेत, एक शेतकऱ्याची व एक कामगाराची. मुंबईतील पुतळ्यांत आपल्या वर्गाचा पुतळा शोधावयाचा तर तो येथे. मुलांकडून काही नावे वाचून घ्यावी व ती कोणाच्या घरची असतील, हे त्यांनाच ओळखू द्यावे.

आणि मग गेटवे. विलायतेचा बादशहा १९११ साली आला त्याची आठवण म्हणून बांधलेली, १९२४ साली पुरी झालेली ही कमान. दगड मालाडजवळच्या खरोडीचा, जाळ्या ग्वाल्हेरच्या. नकाशा कर्त्या वास्तुविशारदाचे नाव जॉर्ज विटेट असे पुस्तकात सापडते, पाथरवटाचे सापडत नाही. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ह्याच कमानीखालून गोऱ्या पलटणीची शेवटची तुकडी चालती झाली. ज्या दाराने बादशहाला यावयाचे त्या दाराने त्याचे शिपाई गेले, एवढे सांगून फोटो खुशाल काढावा.

ज्यांस मुंबई परवडत नाही अशी घरे पुष्कळ आहेत, आणि सहलीची वर्गणी न भरता आल्याने मागे राहणारी मुले बहुधा त्यांचीच असतात. त्यांच्या आईबापांनी मन मोठे ठेवावे. आपल्या शिवारातला काळा दगड व काळी माती मुलाच्या हाती द्यावी आणि ती कोठून झाली ते सांगावे. ठाऊक नसेल तर मास्तरांस विचारावे, ते त्यांचे कामच आहे. बाजाराहून आल्यावर कनवटीची नोट दिव्याच्या उजेडात धरावी. मुद्रा तीवर बारीक आहे, पण पोरांची नजर मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असते. सिंहांच्या पायाखाली बैल कोठे आहे, तो त्यांनाच शोधू द्यावा.