रक्त नाही, म्हणजे काही नाही?

नाशिकच्या द्वारका चौकात दुचाकी घसरली की बघताबघता गर्दी जमते. एक जण पडलेल्याला बगलेत हात घालून उचलतो, दुसरा दुभाजकावर बसवतो, तिसरा पाण्याची बाटली तोंडाला लावतो. चौथा डोकं चाचपून निकाल देऊन टाकतो, ‘रक्त नाही, काही झालेलं नाही.’ मग आरशाच्या काचेचे पैसे कोणी द्यायचे यावर मिटवामिटवी होते आणि पोरगा गाडी काढून निघून जातो. हेल्मेट हँडलला लटकलेलंच असतं. याला मी मदत म्हणणार नाही. हा अडाणीपणा आहे आणि त्यात माणसं मरतात.

कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटली तर बाहेर थेंबही दिसत नाही. साठणाऱ्या रक्ताला वाट नसते, ते मेंदूला दाबत जातं. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या अंगाने एक धमनी जाते. ती फाटलेला माणूस काही वेळा शुद्धीवर येतो, नीट बोलतो, घरी जाऊन जेवतोसुद्धा. काही तासांनी डोकं ठणकू लागतं, उलट्या होतात, डोळ्यांवर झापड येते. घरचे म्हणतात, ‘दमलाय, झोपू द्या.’ सकाळी तो उठत नाही. वेळेत शस्त्रक्रिया झाली असती तर असे कितीतरी जण वाचले असते.

याहून संताप येतो तो ‘प्यायलाय’ या एका शब्दाचा. जीभ अडखळते, पाय लटपटतात, माणूस शिव्या देतो. बघणारे नाक मुरडून पुढे जातात. मेंदूला मार लागलेला माणूस नेमका असाच वागू शकतो. पक्षाघाताचा झटका आलेला किंवा साखर एकदम उतरलेला मधुमेहीही असाच दिसू शकतो. आणि समजा, प्यायलेला असलाच, तर पडताना त्याचं डोकं फुटत नाही का? दारूचा वास आला की तपासणी जास्त काळजीने व्हायला हवी. आपल्याकडे ती तिथेच थांबते.

फिट आली तर आपल्या या कांद्याच्या जिल्ह्यात अजून कांदा हुंगवतात, नाहीतर चप्पल. दातांत चमचा घालतात. यातलं काहीही करू नका. झटका ओसरला की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा डोक्याला मार लागल्यावर आला, तर थेट रुग्णालय.

12 जानेवारी 2025 ला याच द्वारकेच्या उड्डाणपुलावर निफाडहून परतणाऱ्या लोकांचा टेम्पो लोखंडी सळयांच्या ट्रकवर आदळला, माणसं गेली. चर्चा सळयांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जखमीला पहिल्यांदा हात लावणाऱ्याला काय येतं, हा प्रश्न मला कुठे ऐकू आला नाही.

‘पोलिसांचं लफडं नको’ ही सबबही आता चालणार नाही. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यातच आलं. नाव सांगायचीही सक्ती नाही.

तेव्हा जखमीला ओढून बसवू नका. मान हलू देऊ नका, तोंडात पाणी ओतू नका, 108 लावा. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर करा. क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसत असेल, एक हात लुळा पडला असेल, तर सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते तिथेच न्या. टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवणाऱ्या दवाखान्यात नव्हे. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा पडले, तर नुसत्या टेंगळावरही डॉक्टर गाठा.

आणि महापालिकेला, वाहतूक पोलिसांना माझी मागणी आहे: सिंहस्थाची गर्दी यायच्या आत द्वारकेच्या प्रत्येक रिक्षावाल्याला, टपरीवाल्याला आणि चौकातल्या हवालदाराला हे शिकवा.