घंटागाडी वेशीच्या आत येत नाही

सुट्टीत होस्टेलवरून गावी गेलात की पहिल्याच संध्याकाळी तो वास येतो. चुलीचा नाही, जळक्या प्लास्टिकचा. अंगणाच्या कडेला चिप्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, भाच्याचे डायपर पेटलेले असतात. शहरातल्या रूमवर ओला-सुका वेगळा करणारे आपण तिथं नुसतं नाक धरतो. आई म्हणते, "मग टाकू कुठं? तूच सांग."

बरोबर आहे तिचं. २०१६ साली केंद्राने घनकचऱ्याचे नियम आणले ते मुख्यतः शहरांसाठी. साधी ग्रामपंचायत त्यांच्या बाहेर राहिली. त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत मात्र ती आली. म्हणजे गावात जबाबदारी आली, गाडी नाही.

आपली माणसं घाणेरडी आहेत म्हणून हे होतं, असं मला अजिबात वाटत नाही. उकिरडा ही मस्त चालणारी व्यवस्था होती. शेण, राख, भाजीची देठं वर्षभर तिथं पडायची आणि पावसाळ्याआधी खत होऊन शेतात जायची. आता त्याच उकिरड्यात पुड्या पडतात. शेणखत विस्कटायला गेलात तर कळेल, किती वेळ प्लास्टिक वेचण्यातच जातो. राहिलेलं मातीत.

ग्रामपंचायतीत विचारलं की उत्तर ठरलेलं : पैसे नाहीत. हे अर्धंच खरं आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद. तीन हजारांच्या गावाला फार तर १ लाख ८० हजार. त्यात शेड, खड्डे, हातगाडी होईल, पण ती गाडी रोज ओढणाऱ्याचा पगार निघणार नाही. पण १५व्या वित्त आयोगाच्या निधीतले ३० टक्के स्वच्छतेसाठी बांधलेले होते आणि त्यात घरातला कचरा स्पष्टपणे धरला होता. गावाने ते कशावर खर्च केले, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर मोबाईलवरच बघता येतं. आज रात्री बघा.

मग ग्रामसभेला जा. गावच्या मतदारयादीत नाव असेल तर तुम्ही तिचे सदस्य आहात, कुणी बोलवायची गरज नाही. झाडू घेऊन काढलेले फोटो पुरे झाले आता. (एनएसएसच्या कॅम्पमध्ये मीही काढलेत. गोळा केलेली पोती पुढे कुठं गेली, ते आम्ही कुणीच विचारलं नाही.)

मुलींनी तर जायलाच हवं. वापरलेले पॅड आज पाणी तापवायच्या चुलीत जातात, नाहीतर ओढ्यात. हा विषय चावडीवर पुरुषांसमोर कोण काढणार? म्हणून लक्षात ठेवा, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. तिथं बोला, आईला आणि काकूलाही सोबत न्या.

मागणी मोठी नको. ओला कचरा उकिरड्यातच जाऊ दे. सुका सडत नाही, तो घरी पोत्यात राहू शकतो. तो आठवड्यातून एकदा उचलायला एक माणूस आणि एक गाडी, एवढंच मागा. सरपंच "बघू" म्हणतील. ग्रामसेवकाला ते "बघू" तारखेसकट इतिवृत्तात लिहायला लावा.