वर्गणीच्या पुढे जाऊन मागा

गणपती जवळ आले की शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यातल्या कारखान्यांच्या गेटवर मंडळांची पावतीपुस्तके पोहोचतात. मंडळांना आणि तालमींना माझी कळकळीची विनंती आहे: त्याच गेटवर गावाच्या कामाचा अर्जही न्या.

कंपनी कायद्याचे कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. यालाच आपण सीएसआर म्हणतो. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या, असे कायदा सांगतो; सक्ती मात्र करत नाही. म्हणून आपण मागितलेच पाहिजे. छोट्या फौंड्रीवाल्यांना हा नियम लागू नसतो. त्यांच्यामागे तगादा लावू नका.

उत्सव, एकदाच होणारी स्पर्धा किंवा राजकीय पक्षाचा कार्यक्रम सीएसआरमध्ये बसत नाही. शाळा, आरोग्य, पिण्याचे पाणी, आपत्तीतली मदत बसते. 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या शिरोळ, चिखली, आंबेवाडीकरांना काय मागायचे ते सांगायला नको: बोटी, लाइफ जॅकेट, उंचावरचा निवारा.

दहा मागण्यांची यादी देऊ नका. एकच काम ठरवा. फोटो, खर्चाचा अंदाज आणि लाभ कुणाला, हे लिहा. कंपनी काम स्वतः करू शकते. संस्थेमार्फत करायचे तर त्या संस्थेची सीएसआर नोंदणी लागते. मंडळाची नसेल तर नोंदणी असलेल्या चांगल्या संस्थेला सोबत घ्या.

पुढची देखभाल कोण करणार, हेही अर्जातच सांगा. पाणी शुद्धीकरण यंत्र फुकट मिळेल, पण त्याचे वीजबिल दर महिन्याला येईल. राजर्षी शाहूंनी 1901 पासून वसतिगृहांना आधार दिला. ती चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजाने उचलली, म्हणून ती टिकली.

आणि मिंधे होऊ नका. शाळेला बाके दिली म्हणून कुणाला पंचगंगेत सांडपाणी सोडायची मुभा मिळत नाही.

कंपन्यांचे नवे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करा आणि मार्चच्या आत अर्ज द्या.