बाळंतिणीच्या ताटातले काढू नका

बाळाला डाऊन सिंड्रोम आहे असे कळले की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘गरोदरपणात हिने काय खाल्ले?’ त्याच्यामागोमाग दुसरा, ‘आता हिचे काय बंद करायचे?’ मग बाळंतिणीच्या ताटातून एकेक पदार्थ जाऊ लागतो. केळी-दही थंड, डाळ-वांगे वातूळ, अंडे-मासे उष्ण. काही घरांत तर पाणीही मोजून दिले जाते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त असते. बहुतेक वेळा हा बदल बीजपेशी तयार होतानाच, म्हणजे दिवस राहण्याआधीच घडलेला असतो. आईने नंतर काय खाल्ले याचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र बाळ आणि आई दोघांचेही नुकसान आहे. या बाळांचे स्नायू सैल असतात, चोखण्यात जोर नसतो, ती पिता पिता झोपतात. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. अशी बाळे लवकर दमतात. स्तन नीट रिकामा झाला नाही की दूध कमी बनते. घरचे म्हणतात, ‘हिला दूधच येत नाही,’ आणि पथ्य आणखी कडक होते. खरा उपाय निराळा आहे. बाळाला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे, पाजताना हनुवटीला आणि गालांना बोटांचा आधार द्यावा, ते दमले तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. पिताना घाम येत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर लगेच दाखवावे.

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण सांगते. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्या. पण ती जेवणाच्या जागी नव्हे, जेवणासोबत. आई कमी जेवली तरी शरीर बराच काळ दूध बनवत राहते, पण त्यासाठी लागणारे कॅल्शियम तिच्या हाडांतून जाते. शिवाय विशेष बाळाच्या आईचा अर्धा दिवस दवाखान्याच्या रांगेत जातो आणि तिचे जेवण तिथेच चुकते.

आईच्या आहाराचा बाळाच्या मेंदूवर थेट परिणाम होतो अशी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. ती म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. शाकाहारी आईचे दूध-दहीही बंद केले आणि बाळ केवळ अंगावर पीत असेल, तर हसणारे, मान धरलेले बाळ हळूहळू मलूल होते. त्वचा काळवंडते, केस विरळ होतात, पुढे हातपाय थरथरू लागतात. वेळेत बी-12 दिले तर बाळ सुधारते. उशीर झाला तर विकासातली उणीव राहू शकते. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळात ही लक्षणे ‘ते तसेच असणार’ म्हणून सोडून दिली जातात. तसे करू नका. आईची आणि बाळाची रक्ततपासणी करून घ्या.

एखाद्या बाळाला आईने घेतलेल्या गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे असते, शौचातून रक्त जाते. तेव्हा दूध बंद करावे लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे आणि त्याची भरपाईही सांगायची.

जन्मजात दोष आणि विकासातील अडचणी असलेल्या मुलांसाठी शासनाची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. बाळाला तिथे लवकर न्या. आणि आम्हा डॉक्टरांनीही बाळाचे वजन लिहिताना आईला विचारावे, ‘बाई, सकाळपासून जेवलात का?’