कुंडीतला टोमॅटो: आधी जात बघा, मग बी आणा

“डॉक्टर, झाड छताला टेकलं, पण टोमॅटो मिळाले दोनच. आता बंद केलंय ते सगळं!” मधुमेहासाठी नियमित येणारे एक आजोबा परवा सांगत होते. मला त्या ‘बंद केलं’ची काळजी वाटली. निवृत्तीनंतर सकाळी उठून गॅलरीत जायचं, पाणी घालायचं, वाका-उठायचं एवढंच निमित्त त्यांच्याकडे होतं.

आजोबांनी मेहनत भरपूर केली, फक्त जात चुकली. टोमॅटोच्या जाती ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. अमर्यादित वाढीच्या जाती वेलीसारख्या वाढतच राहतात, सहा फुटांवरही जातात. मर्यादित वाढीच्या जाती झुडपासारख्या ठरावीक उंचीला थांबतात. आपण पाकिटावरचं मोठं लालबुंद फळ पाहतो, पहिल्या प्रकारचं बी आणतो आणि दहा इंची कुंडीत लावतो. मुळांना जागा पुरत नाही, मग फळ कुठून धरणार?

माझं स्पष्ट मत असं की, ज्येष्ठांनी आणि नवशिक्यांनी बुटक्या चेरी टोमॅटोपासूनच सुरुवात करावी. ‘टायनी टिम’ साधारण दीड फुटाच्या आत राहतो, आठ इंची कुंडीत मावतो. ‘मायक्रो-टॉम’ तर जेमतेम वीतभर. फळं लहान असतात, पण हाती लागतात आणि उत्साह टिकतो.

मोठं फळ हवंच असेल, तर रोगप्रतिकारक जात घ्या. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ ही संकरित जात पानं आकसण्याचा विषाणूजन्य रोग, मर आणि करपा या तिन्हींना तोंड देते. जिथे कपडे वाळतात, नातवंडं खेळतात, तिथे फवारणी जितकी कमी तितकी बरी. मात्र तिला निदान वीस लिटरची कुंडी लागते. ओल्या मातीसह ती वीस किलोंच्या आसपास जाते. कंबरदुखी असलेल्यांनी ती उचलू नये. कुंडी आधी जागेवर ठेवावी, मग माती भरावी.

जात कोणतीही असो, रोज सहा तास ऊन हवंच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी पेरा. पारा 35 अंशांच्या पुढे गेला की फुलं गळतात.

एक शंका हमखास येते: “बियांमुळे मुतखडा होतो ना?” नाही. टोमॅटोत ऑक्झलेट कमी असतं. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल आणि रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल, तर किती खायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आजोबांच्या चिठ्ठीवर औषधांखाली मी लिहून दिलंय: चेरी टोमॅटो, बुटकी जात, दोन कुंड्या. पुढच्या तपासणीला साखरेच्या रिपोर्टबरोबर झाडाची खबरही आणायला सांगितली आहे.