दुसऱ्यांदा वाचताना

जीन वुल्फची ‘द बुक ऑफ द न्यू सन’ पुन्हा काढली. १९८० ते १९८३ दरम्यान आलेले चार भाग. पहिल्या खेपेला तलवार, काळा झगा, छळकऱ्यांचा मनोरा बघून मी खुशाल राजा-राक्षसाची गोष्ट म्हणून वाचत सुटलो होतो. आता कळतंय, तो मनोरा म्हणजे जुनं अवकाशयान! एक म्हातारा काळवंडलेलं चित्र पुसत असतो. चित्रात चिलखत घातलेला कुणी, तोंडावर सोनेरी झडप, हातात ताठ झेंडा, भोवती उजाड माळ. अहो, हा तर चंद्रावरचा अंतराळवीर! वुल्फ पेशाने इंजिनीअर, प्रिंगल्सच्या चकत्या तळायच्या यंत्रावर काम केलेला. पेच कुठे आवळायचा ते त्याला बरोबर ठाऊक. आणि ‘मी काहीच विसरत नाही’ म्हणणारा निवेदक सेव्हेरियन? मला तर तो पक्का थापाड्या वाटायला लागलाय. तिसऱ्या भागात पेन्सिल घेऊनच बसलोय.