शेवंतीला काळोख हवा



मृगाचा पाऊस पडून गेला की घरोघरी काहीतरी लावायची घाई सुरू होते. कुणी पडवळाचे बी टोचते, कुणी दोडक्याचा मांडव घालते. यंदा आमचे सांगणे असे की, एखादा डबा शेवंतीसाठी राखून ठेवा. ६ डिसेंबरला आपल्याला घरी आणि विहारात फुले लागतात. आमच्याकडे बाजारात येणारी शेवंती घाटावरची, आणि नेमकी गरजेच्या दिवसांत महाग. घरी लावली तर तिला बी आणावे लागत नाही की रोप विकत घ्यावे लागत नाही. शेजारच्या झाडाची चार टोके मिळाली की काम झाले.

पण ती लावायची रीत सांगण्याआधी आमच्या घरी घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण त्या गोष्टीत शेवंतीचे निम्मे शास्त्र आहे.

आमचे घर अलोऱ्याचे. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचे गाव म्हणून चिपळूण तालुक्यात ते ओळखले जाते. बाजूलाच कोळकेवाडीचे धरण आणि वीजघर. तेव्हा दिव्यांचे आम्हाला अप्रूप नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भावाचे लग्न झाले आणि वहिनी घरात आल्या. त्यांना फुलझाडांची भारी हौस. माहेरच्या पिवळ्या शेवंतीच्या फांद्या त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात तेलाच्या सहा डब्यांत रोपे केली. चार डबे पुढच्या अंगणात रस्त्याकडेला ठेवले, जागा उरली नाही म्हणून दोन मागे मोरीजवळ.

नोव्हेंबर संपत आला. मागच्या दोन डब्यांत फूल मावेना. पुढचे चार डबे मात्र हिरवेगार, कमरेएवढे वाढलेले, आणि कळी एकही नाही. येणारा-जाणारा पाहत होता ते पुढचेच डबे. एक दिवस शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, ‘‘सूनबाई चार दिवस पाळत नाही वाटतं? विटाळाचा हात लागला की झाड असंच वांझ राहतं.’’ आई काही बोलली नाही. पण वहिनींनी ते आतून ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यांना हात लावायचा सोडला. पाणी घालायला पोरांना सांगू लागल्या. त्या वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या फोटोपुढे मागच्या डब्यांतली फुले ठेवली, तीही त्यांनी स्वतः खुडली नाहीत.

ज्या शब्दाने आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द आपल्याच अंगणात आपल्याच लेकीसुनेला लावला जावा, याचे आम्हाला फार वाईट वाटले. पण वाईट वाटून झाडाला कळी येत नाही. कोडे सोडवले नववीतल्या पुतण्याने. तो म्हणाला, ‘‘आजी, सगळ्या डब्यांना पाणी काकीच घालायची ना? मग मागची झाडं कशी फुलली?’’

प्रश्न बिनतोड होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बियांपासून आलेली रोपे भावंडांसारखी, एकासारखे एक नसते. छाटीपासून केलेली रोपे तशी नसतात. एकाच झाडाच्या सहा छाटी म्हणजे अंगाने एकच झाड सहा डब्यांत. माती तीच, शेणखत तेच, हात तोच. तेव्हा फरक असलाच तर तो जागेचा. पुढे आणि मागे फरक काय, तर पुढे रस्त्याचा दिवा. तो संध्याकाळी लागायचा तो उजाडेपर्यंत, आणि त्याचा उजेड सरळ त्या चार डब्यांवर.

पुढच्या वर्षी आम्ही पडताळा पाहिला. तशीच सहा रोपे केली. सप्टेंबरच्या मध्याला पुढच्या चारांतले दोन डबे उचलून मागच्या काळोखात नेले, दोन दिव्याखालीच ठेवले. सहाही डब्यांना पाणी वहिनींनीच घालायचे, एक दिवसही चुकवायचे नाही, असे आईने बजावले. डिसेंबर लागला तेव्हा मागचे चारही डबे पिवळेधमक झाले होते. दिव्याखालचे दोन पुन्हा नुसता पाला. आईने काकूंना बोलावून दोन्हीकडचे डबे दाखवले. भांडण नाही, तंटा नाही.

याचे कारण शास्त्रज्ञांनी पूर्वीच शोधून ठेवले आहे. १९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी दाखवून दिले की, पुष्कळ झाडे फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की, अशी झाडे खरे तर रात्र मोजतात, आणि लांब रात्रीच्या मध्येच थोडा उजेड पाडला तरी त्यांचा हिशेब चुकतो. शेवंती याच जातीची. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. रात्र वाढू लागली की शेवंती पाला धरायचे थांबवून कळी धरते. रात्रभर दिवा असला तर तिच्या लेखी उन्हाळाच चालू राहतो. हरितगृहात शेवंती करणारे शेतकरी याचाच उपयोग करतात. झाड वाढवायचे असेल तेव्हा मध्यरात्री दिवे लावतात, फुले हवी असतील तेव्हा संध्याकाळपासून काळे कापड ओढतात. पौर्णिमेचे चांदणे मात्र बाधत नाही. ते फार मंद असते.

आता लावायची रीत. कोकणातला पाऊस ध्यानात घेऊन सांगतो.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ओळखीच्या घरून जोमदार, कळी नसलेल्या फांद्यांची टोके आणा. टोक तीन इंच लांबीचे असावे. पानाच्या पेराच्या लगेच खाली ब्लेडने स्वच्छ काप घ्या. खालची पाने काढा, वरची तीन-चार राहू द्या. पसरट डब्याला तळाशी भोके पाडून त्यात धुतलेली वाळू भरा आणि छाट एक इंच आत खोवा. डबा पडवीत, उजेड येईल पण पागोळीचे पाणी पडणार नाही असा ठेवा. वाळू ओलसर हवी, चिखल नको. पावसाळी हवेत ओल असल्याने छाट सुकत नाही, पाणी साचले तर मात्र कुजते. पंधरा ते वीस दिवसांत मुळे फुटतात. शेंड्याला नवे पान दिसले आणि हलकेच ओढल्यावर छाट हाती आली नाही, की समजावे मूळ धरले.

मग एका डब्यात एक रोप लावा. तळाशी फुटक्या कौलाचे तुकडे, वर आपली तांबडी माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि वाळू सारख्या मापाने. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा. जीव होत नाही, पण खुडाच. एका शेंड्याच्या जागी तीन-चार फांद्या येतात आणि तितकी फुले वाढतात. तीन आठवड्यांनी त्या फांद्यांचेही शेंडे खुडा. सप्टेंबर संपल्यावर मात्र खुडू नका, नाहीतर कळ्याच जातील. पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको. पाने ओली राहिली की काळे डाग पडतात. पाऊस उघडला की पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी डबे हलवा. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर साबणाचे पातळ पाणी किंवा निंबोळीचा अर्क फवारावा.

आणि सप्टेंबरच्या मध्यापासून रात्रीचा काळोख सांभाळा. चाळीत, वस्तीत सगळीकडे दिवे असतात, तिथे काय करावे? संध्याकाळी सहाला झाडावर मोठा खोका किंवा काळे कापड घाला, सकाळी सातला काढा. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे रोज करावे लागते. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात.

फुले संपली की झाड उपटून टाकू नका. जानेवारीत चार बोटे ठेवून छाटा. बुंध्याशी नवे फुटवे येतात. एप्रिल-मेच्या उन्हात झाड सावलीत ठेवा आणि पाणी तोडू नका. पुढच्या जुलैत याच झाडाची आठ-दहा टोके सहज मिळतील. दोन ठेवा, बाकीची वाटा.

वहिनींच्या त्या शेवंतीची छाट आता आमच्या आळीत पुष्कळ घरांत आहे. पहिली छाट काकूंनीच मागून नेली. वहिनींनी ती स्वतःच्या हाताने खुडून दिली आणि सांगितले, ‘‘काकू, दिव्याखाली ठेवू नका हं.’’